खडकाचा रंग

पोस्टमन केनीची लाल गाडी कुंपणाशी थांबली की फिन्ले मॅकअस्किलचे पाय मागाच्या पावड्यांवर आपोआप मंदावत. माग थांबवायचा नाही, पण बाहेरचं ऐकू तर आलं पाहिजे, अशा बेतानं.

"मिस मार्सली मॅकअस्किल," केनी एकेक पाकीट मोठ्यानं वाचत होता. "मिस मार्सली मॅकअस्किल. हे लंडनचं. हेही मिस मार्सली. आणि हे..." तो थांबला. फिन्लेचे पायही थांबले. "हे तुझं रे, फिन्ले. चष्म्याच्या दुकानाचं. डोळे तपासून घ्या म्हणतात."

"तू तुझी जीभ तपासून घे आधी."

"जीभ ठणठणीत आहे. पिशवी तेवढी जड झालीय. पोरीनं नाव काढलं हो मॅकअस्किलांचं!"

"काढलं ना," फिन्ले म्हणाला, आणि त्यानं पावडी अशी हाणली की आडव्या सुताचा धोटा उडून भिंतीवर आदळला.

ग्रोसनिश गावात मॅकअस्किलांचा माग तीन पिढ्या वाजत होता. आजोबांचा लाकडी होता, वडिलांनी लोखंडी आणला, आणि घरामागच्या फळ्यांच्या खोपटात फिन्ले गेली अडतीस वर्षं त्याच्यावर पाय मारत होता. बेटावर कुणाच्याही खोपटाजवळून जाताना नुसत्या आवाजावरून लोक सांगत, आत कोण बसलंय ते. फिन्लेचा ठेका घड्याळासारखा, असं म्हणत. म्हणत असत. अलीकडे ते कुणाच्या तोंडून ऐकू आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मार्सली मुख्य भूमीवरच्या विणकामाच्या कॉलेजातून परत आली तेव्हा धंदा शेवटचे आचके देत होता. तिनं समोरच्या खोलीत दुकान थाटलं. नुसतं ट्वीडचं कापड विकायचं सोडून कोट, वास्कटी, टोप्या शिवायला घेतल्या. नमुने ती काढायची, शिवायची ती, पत्रं तिची, गिऱ्हाइकं तिची. विणायचा फिन्ले. आता कोटासाठी लोक चार चार महिने थांबायला तयार होते. कुठल्याही बापाचा ऊर भरून आला असता. फिन्लेचाही यायचा. पण त्याच्यामागून लगेच दुसरंच काहीतरी मांजराच्या पावलांनी आत शिरायचं आणि छातीत बसून राहायचं.

एडिंबराच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा ते पहिल्यांदा आलं. मार्सली हातात कापड उलगडून हसत उभी होती आणि खाली छापलं होतं, 'मार्सलीचं कापड'. त्या कापडाचा धागा न् धागा फिन्लेच्या पायांतून गेला होता. फोटोत त्याचं कोपर आलं होतं. डावं.

भावाचा हेवा केला तर लोक समजून घेतात. शेजाऱ्याचा हेवा तर प्रार्थनाघरात पुढच्या बाकावर बसणाराही करतो. पण पोटच्या पोरीचा? हे कुणाला सांगणार? बायको जाऊन सात वर्षं झाली होती. ती असती तर तिलाही सांगता आलं नसतं.

सगळ्यांत खोल काटा होता तो रंगाचा. फिन्लेची आई खडकांवरचं दगडफूल चमच्यानं खरवडून आणायची. ओढ्याकाठी तीन पायांच्या काळ्या हंड्यात एक थर लोकरीचा, एक थर दगडफुलाचा असं रचून दिवसभर उकळायची. त्यातून तांबूस तपकिरी रंग निघायचा, आणि त्याचा वास कापडाला जन्मभर चिकटून राहायचा. ओल्या मातीचा, धुराचा, थोडा मधासारखा. आई थकली आणि रंगवलेलं सूत गिरणीतून यायला लागलं. मार्सलीनं मागच्या वर्षी तो हंडा पुन्हा चुलीवर चढवला, पण ती विद्या शिकली कुठून? तर ग्रंथालयातल्या पुस्तकातून. आजीचा रंग पुस्तकातून! बाप दहा पावलांवर माग मारत बसलेला, आणि त्याला एका शब्दानं विचारलं नाही. फिन्ले हे रोज एकदा तरी मनातल्या मनात उगाळायचा.

मे महिन्यात रोरी मॅकसीन दुकानात आला. रोरी म्हणजे गावातला सगळ्यांत जुना तांडेल. आवाज असा की धुक्यात त्याच्या बोटीला भोंग्याची गरज नाही, म्हणून सगळं गाव त्याला भोंगा म्हणायचं. त्याची नवी बोट बांधून तयार होती. 'सुरय' असं तिचं नाव, धक्क्यावर घिरट्या घालणाऱ्या पांढऱ्या पाखरावरून.

"सहा माणसं आहोत," रोरीचा आवाज खोपटापर्यंत आला. "सहा वास्कटी. बोट पहिल्यांदा पाण्यात जाईल त्या दिवशी अंगावर पाहिजेत."

फिन्ले हात पुसत दुकानात गेला. रोरीच्या बापाच्या बोटीला कापड फिन्लेच्या बापानं दिलं होतं, रोरीच्या पहिल्या बोटीला त्यानं स्वतः. "निळा-करडा घे, रोरी," तो म्हणाला. "माशाच्या काट्याची वीण. मागच्या खेपेला..."

"मागच्या खेपेला मी तीस वर्षांचा होतो आणि माझं पोट नव्हतं," रोरी म्हणाला. "तू बस रे जरा, फिन्ले. पोरीला बोलू दे. पोरी, तू सांग. असं काहीतरी कर की त्या पलीकडच्या गावातल्या बोटवाल्यांच्या डोळ्यांत मीठ जाईल."

"करते की," मार्सली हसली. "पण पोटासाठी कापड जास्त लागेल हं, काका."

"बघ, बघ! बापासारखीच तिखट."

"बापापेक्षा," फिन्ले म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. दोघं वहीवर वाकले होते. तो उभाच होता, स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकासारखा.

आठवड्यानं मार्सलीनं सुताच्या लड्या आणून दिल्या. "उभा ताणा सगळा करडा, बाबा, गिरणीचाच. आडव्यात निळा, आणि दर बारा धाग्यांनी ही तपकिरी रेघ. धक्क्याखालचा तो खडक आहे ना, ओहोटीला उघडा पडतो, तस्सा रंग साधलाय. आठ वार पुरेल."

ती गेली आणि फिन्लेनं तपकिरी लडी उचलली. हातात घेतल्याघेतल्या समजलं होतं, तरी त्यानं ती नाकाशी धरली. आई समोर उभी राहिली, एप्रनला हात पुसत.

दगडफूल.

ग्रोसनिशमध्ये दगडफुलाच्या रंगाचं कापड घालून समुद्रावर कुणी जात नसे. एक मोजासुद्धा नाही. खडकावरून आलेलं खडकाकडे परत जातं, असं जुने लोक सांगत. तसल्या कपड्यातला माणूस बुडाला तर दगडासारखा तळाला जातो. आई शेतावरच्या माणसांसाठी रंगवायची, कोळ्यांसाठी कधीच नाही. कोळ्यांच्या लोकरीला हंड्याची वाफ लागू नये म्हणून ती दुसऱ्या खोलीत ठेवायची. हे कुणी कुणाला शिकवत नसे, जसं विस्तवात हात घालू नये हे शिकवत नाहीत. पण मार्सली लहान होती तेव्हाच हंडा थंड झाला होता, आणि अकराव्या वर्षी ती शहरातल्या वसतिगृहात गेली. पुस्तकात रंग होता. समुद्र नव्हता.

आता सांगायचं. हाक मारायची, "अगं मार्सली," की झालं. फिन्ले लडी हातात धरून उभा राहिला. दाराच्या फटीतून ती दिसत होती, खडू घेऊन टेबलावर वाकलेली, शीळ घालत. तो बोलला असता तर ती म्हणाली असती, "बरं झालं सांगितलंत, बाबा," आणि दुसरी लडी दिली असती. रोरीला कळलंही नसतं. सगळं पुन्हा तिच्याच नावावर जमा.

आणि नाही बोलला तर? तर एकदा, एकदाच, गावाला कळेल की पुस्तकात सगळं नसतं.

त्यानं लडी खुंटीला अडकवली आणि ताणा मोजायला घेतला. खुंट्यांवरून सूत फिरवताना आकडे तोंडात आपोआप येतात. आठ वारांना त्याचे हात थांबायला हवे होते. ते सोळाला थांबले. सूत शिल्लक आहे, मागावर राहील, पुढं कुठल्यातरी कापडाला होईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कुठल्या कापडाला, ते विचारलं नाही.

कापड सुरेख उतरलं, हे तर आणखी लागलं. निळ्या-करड्यातून ती तपकिरी रेघ अशी येत होती की धक्क्यावर ओहोटी लागल्यासारखं वाटावं. अडतीस वर्षांत त्याला ते सुचलं नव्हतं.

वास्कटी शिवून होईपर्यंत त्याला सांगायला दहा दिवस होते. एके दिवशी दुपारी बटाटे आणि खारवलेली हेरिंग खाताना शब्द अगदी त्याच्या ओठांपर्यंत आले.

"मार्सली, ते रोरीचं कापड..."

"मीही तेच म्हणणार होते," ती काटा काढत म्हणाली. "तिसऱ्या वारात तुमचा ठोका जरा सैल पडलाय, बाबा. मी तो भाग पाठीला आत घेतला. कुणाला दिसायचा नाही."

"सैल?"

"थोडासा. तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही. मीठ दे."

गुरुवारी सकाळी सगळे घालून बघायला आले. रोरी, त्याचे दोन मुलगे, आणि बोटीवरचे आणखी तिघं. खोली तंबाखूच्या आणि माशाच्या वासानं भरली. मार्सलीनं पहिली वास्कट रोरीच्या अंगावर चढवली, गुंड्या लावल्या, मागं सरून बघितलं. बाकीच्यांनी आपापल्या चढवल्या. फिन्ले दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"वा!" रोरी आरशात म्हणाला. "पोट गेलं कुठं माझं?" त्यानं ऐटीत मान वळवली आणि थांबला. कॉलर उचलून नाकाशी धरली. पुन्हा धरली. मग त्यानं गुंड्या काढायला सुरुवात केली, एकेक, सावकाश. त्याचा आवाज इतका खाली आलेला गावानं कधी ऐकला नसेल.

"पोरांनो, काढा ते अंगातून."

"काय झालं?" मार्सलीनं विचारलं. "काका, कुठं टोचतंय का?"

"दगडफूल आहे, पोरी. खडकाचा रंग. हे घालून मी बोट पाण्यात ढकलू? सहा जणांना घेऊन?" त्यानं वास्कट टेबलावर ठेवली, आपटली नाही, आजारी माणसाला निजवावं तशी ठेवली. "तुझी आजी असती ना, तिनं माझ्याआधी तुझ्या थोबाडीत दिली असती."

मार्सलीचा चेहरा पांढरा पडला. फिन्ले वाट बघत होता तो हाच क्षण. तो आला, आणि त्याची चव त्याला कळायच्या आत रोरी त्याच्याकडे वळला.

"तिचं जाऊ दे. ती शहरात वाढली, तिला कुणी सांगितलं असणार? पण तू, फिन्ले? तुझ्या हातून गेलं की रे हे कापड! वार न् वार!"

सगळ्या माना फिरल्या. रोरीचा थोरला पुटपुटला, "म्हातारा विसरायला लागलाय." त्यात कुचेष्टा नव्हती, कीव होती. इतका वेळ ज्या कोपऱ्याकडे कुणी बघत नव्हतं तिथं आता सहा जण बघत होते. हेच हवं होतं ना?

"नाक गेलंय माझं," फिन्ले म्हणाला. "हिवाळ्यातल्या सर्दीपासून. काही कळत नाही."

"अरेरे," रोरी म्हणाला. "मग सांगायचं नाही का?" आणि जाता जाता त्यानं फिन्लेच्या खांद्यावर थोपटलं, जसं कामातून गेलेल्या घोड्याला थोपटतात. "मंगळवारी बोट उतरवताना जुनेच स्वेटर घालू, पोरी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

ते गेल्यावर मार्सली बराच वेळ घड्या घालत राहिली. मग खोपटाकडे गेली. फिन्लेला मागून जावंसं वाटत नव्हतं, तरी गेला. ती मागापाशी उभी होती. मागावर करडा ताणा अजून चढवलेला होता. तिनं तो बोटांनी चाचपला, मागच्या रुळावर गुंडाळलेलं सूत डोळ्यांनी मोजलं. कॉलेज ते कॉलेज, पण मोजायला ती याच खोपटात शिकली होती.

"आठ वार सांगितले होते मी."

फिन्लेनं धोटा उचलून जागेवर ठेवला.

"इथं आणखी आठ आहेत. बरोबर आठ. सहा वास्कटींचे." ती वळली. "नाक गेलं नाही तुमचं, बाबा. काल मासे जरा जुने आहेत म्हणून तुम्हीच ताट सरकवलंत. तुम्हाला माहीत होतं. ताणा घालायच्या आधीपासून."

"हो."

"मला तोंडावर पडू द्यायचं, आणि मग वर काढायला कापडही तयार ठेवायचं? कशासाठी?"

शब्द त्याच्याकडे होता. दोन वर्षं त्याच्यापाशीच होता. "हेवा वाटतो," तो म्हणाला. "तुझा."

"माझा?" ती हसली, पण ते हसणं मध्येच मोडलं. "माझा काय हेवा? मला अजून दिवसाला चार वारसुद्धा सरळ विणता येत नाही!"

"तू आईचा रंग पुस्तकातून शिकलीस. मला विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. मागच्या वर्षी, इथंच उभी राहून. आजी दगडफूल किती वेळ उकळायची, म्हणून. तुम्ही माग थांबवला नाहीत. म्हणालात, शिकलेली आहेस ना, पुस्तकात बघ."

फिन्लेनं आठवून बघितलं. मागाच्या खडखडाटात कुणीतरी काहीतरी विचारतंय, आपण मानही न वळवता उत्तर देतोय. ते वाक्य त्याचंच होतं. त्याच्या तोंडात ते अजून बसत होतं, जुन्या बुटासारखं. तो बाकावर बसला.

"मला खूप राग आलाय," मार्सली म्हणाली. "आज मी तुमच्याबरोबर जेवायला बसणार नाही. उद्याही नाही बहुतेक." ती दारापर्यंत गेली. "रेघेला काय घालायचं?"

"काळा," तो म्हणाला. "गिरणीचा. ओला खडक काळा दिसतो."

तिनं क्षणभर विचार केला. "काळ्यात एक निळा धागा पिळून. नुसता काळा मेल्यासारखा दिसेल."

तिचंच बरोबर होतं. पुन्हा.

शुक्रवारी सकाळी मागाच्या कडेला सुताच्या कांड्या भरून ठेवलेल्या होत्या, शेजारी ओटची भाकरी झाकून. शनिवारी दुपारी कापड उतरलं. तिसऱ्या वारात ठोका कुठंही सैल पडला नाही. त्यानं दोनदा बघितलं. रविवारी माग नाही, सुई नाही. दोघं प्रार्थनाघरात एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. सोमवारी दिवसभर शिवणयंत्र चाललं. फिन्लेनं गुंड्या लावून दिल्या. त्या ती म्हणाली म्हणून नाही, तिनं डबी त्याच्या बाजूला सरकवली म्हणून.

मंगळवारी भरतीच्या वेळेला सगळं गाव धक्क्यावर लोटलं. सहा वास्कटी उन्हात अशा उठून दिसत होत्या की पलीकडच्या गावचे बोटवाले दुसरीकडेच बघत होते. फिन्ले शेवटी आला. त्याच्या अंगात तपकिरी रेघेची वास्कट होती, रोरीसाठी शिवलेली, पोटावर सैल.

रोरीनं ती लांबूनच ओळखली. "ए फिन्ले! ते अंगात घालून बोटीच्या जवळ येऊ नकोस हं! नाक आलं नाही वाटतं अजून?"

लोक हसले. फिन्ले हसणं ओसरेपर्यंत थांबला. सगळ्यांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती.

"नाक कुठं गेलंच नव्हतं, रोरी," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून येत होता वास. पोरीला सांगितलं नाही, एवढंच."

भोंगा रोरी दोर तपासायला वळला. सगळ्यांना एकदम पाण्याकडे बघावंसं वाटायला लागलं. मार्सली धक्क्याच्या टोकाशी उभी होती. तिनं बापाकडे बघितलं, बराच वेळ. हसली नाही. पण वास्कटीची वरची गुंडी चुकीच्या काजात गेली होती, ती येऊन नीट लावून गेली.

मग बोट सुटली. पहिल्या फेरीला रिवाजाप्रमाणे ज्याला हवं त्याला चढू देतात. म्हातारे, बायका, पोरंटोरं, सगळे चढले. "पोरी, तू पुढं, नाळेवर!" रोरी ओरडला. "ज्यांना वास्कटी बघायच्या त्यांनी बघून घ्या, ही तिची करामत आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. धक्क्यावर फक्त फिन्ले उरला.

टाळ्या पाण्यावरून आल्या तशी छातीतली ती हेव्याची कळ पुन्हा आली. तीच, त्याच जागी, थोडी कमी. ती जाईल असं त्याला वाटलंही नव्हतं. बोट खडकाला वळसा घालून गेली. नाळेवरचा तिच्या केसांचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत फिन्ले बघत उभा राहिला. मग त्यानं कॉलर वर केली, आईचा वास छातीभर घेतला, आणि परत येताना दोर पकडायला कुणीतरी लागेल म्हणून तिथंच खुंटावर बसून राहिला.